बी-१२ आणि मनःस्वास्थ्य: गोळी कोणाच्या उपयोगाची, कोणाच्या नाही?

पाणवठा (धागाकर्ता)

थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा, कशातच मन न लागणे अशी तक्रार केली की घरातले कोणीतरी 'एकदा बी-१२ तपासून घे' असे हमखास सुचवते. हा सल्ला वावगा नाही. महाराष्ट्रातल्या शाकाहारी घरांत तर तो बहुधा योग्यच ठरतो. अलीकडे मात्र त्याला जोडून आणखी एक विधान सर्रास ऐकू येते: बी-१२च्या गोळ्या सगळ्यांनीच घ्याव्यात, त्यांनी उदासी जाते, उत्साह वाढतो आणि बुद्धी तल्लख होते. पहिल्या सल्ल्याला भक्कम आधार आहे, दुसऱ्या विधानाला तो नाही, आणि या दोहोंची गल्लत झाल्याने लोकांचे पैसे जातात, क्वचित आजारही बळावतो, असे माझे मत आहे. मी जीवरसायनशास्त्र शिकवत असे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे येथे कोणालाही औषधयोजना सांगणार नाही.

आधी हे जीवनसत्त्व करते काय, ते पाहू. मानवी शरीरात बी-१२वर अवलंबून असलेली विकरे (एन्झाइम) दोनच आहेत. पहिल्याच्या मदतीने होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचे मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल होते आणि मेथिओनिनपासून पुढे एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन हा पदार्थ बनतो, जो मेंदूतल्या कितीतरी रासायनिक क्रियांना मिथिल गट पुरवतो. मज्जातंतूंचे आवरण टिकणे आणि संदेशवाहक रसायनांची घडामोड या दोन्हींचा त्याच्याशी संबंध आहे. दुसरे विकर काही मेदाम्ले व अमिनो आम्ले यांच्या विघटनातून आलेल्या मिथिलमॅलोनिल घटकाची विल्हेवाट लावते. बी-१२ कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन आणि मिथिलमॅलोनिक आम्ल साचू लागतात. यकृतात या जीवनसत्त्वाचा काही मिलिग्रॅम साठा असतो आणि रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे कमतरता एका रात्रीत होत नाही. तिला वर्षे लागतात आणि ती तितक्याच हळूहळू जाणवते.

मनाशी तिचा संबंध किती थेट असू शकतो, हे १९८८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. बी-१२च्या अभावामुळे मज्जासंस्थेच्या किंवा मनाच्या तक्रारी उद्भवलेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांना, म्हणजे २८ टक्के लोकांना, पंडुरोग (अ‍ॅनिमिया) नव्हता आणि त्यांच्या रक्तपेशीही मोठ्या झालेल्या नव्हत्या. हिमोग्लोबिन उत्तम आहे म्हणून बी-१२ चांगलेच असणार, असे मानता येत नाही. स्मृतिदोष, स्वभावातला बदल, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे ही लक्षणे रक्तात काही दिसण्याआधी येऊ शकतात, आणि उपचार लांबले तर त्यांतली काही कायमची राहतात.

आपल्या भागाची आकडेवारी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली मांडली. पुणे शहर आणि परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के जणांचे बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात हेच प्रमाण ८१ टक्क्यांवर गेले. शाकाहार हे त्यामागचे एक ठळक कारण होते. पाश्चात्त्य देशांतले संशोधन वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते: तिथे कमतरता हा अपवाद आहे, आपल्याकडे ती घरोघरी आहे.

आता गोळ्यांच्या चाचण्या. नैराश्याच्या रुग्णांत बी-१२ कमी आढळते, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. अमेरिकेत वृद्ध स्त्रियांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमतरता असलेल्यांमध्ये तीव्र नैराश्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. तरीही पाहणी ती पाहणीच. उदास माणूस नीट जेवत नाही, म्हणूनही त्याचे बी-१२ कमी भरू शकते. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांकडे वळावे, तर तिथे चित्र बरेच फिके होते. ऑस्ट्रेलियात ६० ते ७४ वयाच्या सुमारे ९०० लोकांना दोन वर्षे फॉलिक आम्ल आणि बी-१२ दिले गेले. नैराश्याच्या लक्षणांत फरक पडला नाही, स्मरणशक्तीच्या कसोट्यांत थोडा पडला. तिथल्याच दुसऱ्या चाचणीत, २०१४ साली, नैराश्यावरच्या सिटालोप्राम या औषधाला बी-६, बी-१२ आणि फॉलिक आम्लाची जोड देऊन पाहिली. बाराव्या आठवड्यापर्यंत बऱ्या झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ७८ आणि ७९ टक्क्यांच्या आसपास होते. वर्षअखेरीस मात्र जीवनसत्त्वे घेणारा गट ८५ टक्के आणि दुसरा ७५ टक्के, असे अंतर दिसले. २०२१ साली १६ चाचण्या आणि सहा हजारांहून अधिक सहभागी एकत्र घेऊन केलेल्या आढाव्याचा निष्कर्ष असा, की उघड कमतरता किंवा मज्जासंस्थेचा गंभीर आजार नसलेल्यांना बी-१२ दिल्याने बुद्धी, नैराश्याची लक्षणे वा थकवा यांत काही सुधारणा होत नाही.

शेजारची एक चाचणी आपल्याला अधिक जवळची वाटेल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कराचीच्या अभ्यासात नैराश्य असलेल्या आणि बी-१२ खालच्या काठावर असलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत दर आठवड्याला इंजेक्शन दिले. त्या गटातल्या सर्वांच्या लक्षणांत किमान २० टक्के घट झाली. केवळ औषध घेणाऱ्यांत अशी घट ६९ टक्के जणांना दिसली. निष्कर्ष आशादायक आहे, पण रुग्ण थोडे होते आणि इंजेक्शन कोणाला मिळते आहे हे सर्वांना ठाऊक होते. सुईचा प्रभाव आपल्या समाजात किती मोठा असतो, हे मी वेगळे सांगायला नको.

---

अबोली

लेख आवडला, परंतु शेवटचे वाक्य थोडे टोचले. माझ्या आईला मधुमेह आहे. गेल्या वर्षी ती एकाएकी गप्प गप्प राहू लागली, देवपूजेतले क्रम विसरू लागली, स्वयंपाकघरात उभी राहिली की पाय बधिर होतात म्हणू लागली. आम्ही सगळ्यांनी 'वय झाले' म्हणून ते सोडून दिले होते. डॉक्टरांनी तपासणी सांगितली तर बी-१२ पार तळाला गेलेले. इंजेक्शने सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच ती पुन्हा बोलू लागली. हा केवळ सुईचा प्रभाव होता, असे तुमचे म्हणणे आहे का?

---

पाणवठा

अबोलीताई, मुळीच नाही. उपचाराने ज्यांना हमखास फरक पडतो त्याच गटात तुमच्या आई बसतात. मधुमेहासाठी त्या मेटफॉर्मिन घेत असतील, तर ते औषध लहान आतड्याच्या शेवटच्या भागातले बी-१२चे शोषण कमी करते आणि जितकी वर्षे ते चालू, तितका धोका वाढतो. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ साली डॉक्टरांना याची मुद्दाम आठवण करून दिली. आम्लपित्तावरच्या ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचेही असेच आहे, कारण अन्नातल्या प्रथिनांपासून बी-१२ सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते. मधुमेहामुळेही पाय बधिर होतात, त्यामुळे दोन्ही कारणे एकमेकांआड लपतात आणि तपासणी राहून जाते.

इतक्या लवकर वाटलेल्या तरतरीबद्दल सांगायचे तर, रक्तनिर्मिती पहिल्या आठवड्यातच वेग घेते आणि अनेक रुग्ण त्याच सुमारास बरे वाटल्याचे सांगतात. मज्जातंतूंचे काम मात्र महिनोन्‌महिने चालते, त्यामुळे पायांचा बधिरपणा रेंगाळला म्हणून उपचार अर्ध्यावर सोडू नयेत. माझा रोख निरोगी माणसाने दर पावसाळ्यात 'शक्तीचे इंजेक्शन' म्हणून ते टोचून घेण्यावर होता.

---

घाटमाथा

मला एक गोष्ट कधीच पटलेली नाही. आमच्या घराण्यात कित्येक पिढ्या मांसाहार नाही. पणजी नव्वदीपर्यंत खणखणीत होती आणि अभंग तोंडपाठ म्हणत असे. तिने कोणती गोळी घेतली होती? ताक, दही, मोड आलेली मटकी, आंबवलेले घावन असा आहार असताना हा अभाव अचानक आला कुठून? प्रयोगशाळांनी आकडा ठरवायचा आणि औषध कंपन्यांनी गोळ्या विकायच्या, असा हा प्रकार नाही ना?

---

काजवा

मी गेली अनेक वर्षे रक्ततपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करतो, म्हणून या प्रश्नाला उत्तर देण्याचे धाडस करतो.

पणजींचे बी-१२ कोणी मोजलेच नव्हते, त्यामुळे ते चांगले होते की वाईट याविषयी आपण दोघेही काही बोलू शकत नाही. नव्वदीला पोहोचलेल्या आजीबाई आपल्या लक्षात राहतात. पन्नाशीत 'भ्रमिष्ट' म्हणून ओसरीवर बसवून ठेवलेली माणसे लक्षात राहत नाहीत. मटकी आणि घावन यांचा मुद्दा मात्र सरळ निकाली काढता येतो. बी-१२ फक्त जीवाणू तयार करतात. वनस्पती करत नाहीत, त्यामुळे कडधान्याला कितीही मोड आणले तरी त्यात ते उगवत नाही, आणि घरच्या आंबवलेल्या पिठावर त्यासाठी विसंबता येत नाही. स्पिरुलिनाच्या नावाने जे विकले जाते त्यात बहुतांशी या जीवनसत्त्वासारखे दिसणारे, पण माणसाला निरुपयोगी असे संयुग असते. दूध-दह्यात ते आहे, पण एका मोठ्या पेल्यात, म्हणजे पाव लिटर दुधात, साधारण एक मायक्रोग्रॅम. दिवसभरात चार कप चहापुरते दूध आणि जेवणात पातळ ताक, इतक्याने गरज भागत नाही. घरात दुभते जनावर असलेल्या पणजीचा दुधाचा वाटा आणि आज पिशवीतले अर्धा लिटर दूध चौघांत पुरवणाऱ्या घरातला वाटा, यांत फरक असणारच. अंडे चालत असेल तर एकातून सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम मिळतो.

आकडा कोण ठरवतो, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण प्रयोगशाळेगणिक सीमारेषा बदलतात आणि लोक गोंधळतात. डॉक्टरांसाठी उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने मार्च २०२४च्या मार्गदर्शिकेत रक्तातील एकूण बी-१२ १८० नॅनोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असल्यास कमतरता संभवते, ३५०च्या वर असल्यास ती संभवत नाही, आणि मधला सगळा पट्टा अनिश्चित, असे म्हटले आहे. आपल्या अहवालांवर पिकोग्रॅम प्रतिमिलिलिटर असे एकक असते. आकडा तोच राहतो. मधल्या पट्ट्यात असाल आणि लक्षणेही असतील, तर मिथिलमॅलोनिक आम्ल किंवा होमोसिस्टीन पाहून निर्णय घ्यावा लागतो. होमोसिस्टीनचा नमुना लगेच थंड करून रक्तद्रव वेगळा केला नाही तर आकडा खोटा वाढतो, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला ठाऊक असते. रुग्णाला कोणी सांगत नाही.

आणखी एक. गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असताना 'बघू तरी किती वाढले' म्हणून तपासणी करायला येणारे रोज भेटतात. तो आकडा वाढलेला असणारच, कधी तर यंत्राच्या मर्यादेपलीकडे जातो. त्यावरून पेशींचे कसे चालले आहे ते कळत नाही. तपासणी उपचाराआधी करावी.

---

ओसरी

मी मुद्दाम नवीन सदस्यनाम घेऊन लिहीत आहे. मला नैराश्याचे निदान झाले असून मानसोपचारतज्ज्ञांची औषधे चालू आहेत आणि त्यांनी बरे वाटते आहे. नुकत्याच झालेल्या तपासणीत बी-१२ २१० आले. तेव्हापासून घरात एकच धोशा आहे, की तुला काही 'डिप्रेशन' वगैरे नव्हतेच, ही नुसती व्हिटॅमिनची कमी होती, त्या डोक्याच्या गोळ्या बंद कर. काका तर म्हणाले की उगाच आयुष्यभराचे लोढणे गळ्यात अडकवून घेतलेस. मला स्वतःलाही क्षणभर तसेच असावे असे वाटून गेले. काय समजावे?

---

पाणवठा

तुम्ही लिहिलेत हे फार बरे केले. कृपया स्वतःहून किंवा घरच्यांच्या आग्रहाने औषध थांबवू नका. ती औषधे एकदम तोडली तर चक्कर, अस्वस्थता, झोपेचा बिघाड असे त्रास होतात आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते. कमी करायचीच असतील तर ती ठरवून, टप्प्याटप्प्याने, तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली केली जातात.

घरच्यांच्या तर्कातली अडचण अशी आहे. याज्ञिकांच्या पाहणीतले आकडे आठवा. जिथे दर दहा मध्यमवर्गीय शहरी पुरुषांपैकी आठांचे बी-१२ कमी भरते, तिथे नैराश्याच्या रुग्णांतही ते बहुतेकांचे कमी भरणार आणि नैराश्य नसलेल्यांतही. तुमच्या काकांचे तपासले तर कदाचित तुमच्याहून कमी निघेल, आणि त्यांना नैराश्य नाही. दोन गोष्टी एका माणसात सापडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. कराचीच्या अभ्यासातही इंजेक्शन औषधाच्या जोडीला होते, त्याच्या जागी नव्हते. २१० हा आकडा काजवा यांनी सांगितलेल्या अनिश्चित पट्ट्यातला आहे. तो अहवाल तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कमतरता भरून काढायला ते बहुधा हरकत घेणार नाहीत आणि दोन्ही उपचार एकत्र चालू शकतात.

मन फार खचल्यासारखे वाटले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

---

अबोली

ओसरी, तुमच्या जागी मी असते तर काकांना पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे सोबतच नेले असते. आमच्याकडे आईच्या बाबतीत वडिलांचा विरोध असाच मावळला; मुलांचे ऐकले नाही, ते डॉक्टरांचे ऐकले.

---

उंबरठा

मी जर्मनीत राहते आणि दूधही सोडले असल्याने मला पूरक गोळी घेणे भागच आहे. बी-१२च्या दोन रूपांपैकी दुकानात मिथिलकोबालामिन महाग आणि सायनोकोबालामिन स्वस्त मिळते. पहिले 'नैसर्गिक' असून मेंदूसाठी चांगले आणि दुसऱ्यात सायनाइड असते, असे एका मैत्रिणीने घाबरवले आहे. जिभेखाली विरघळणाऱ्या गोळ्या अधिक लागू पडतात, असेही ऐकले. यांत तथ्य किती?

---

पाणवठा

सायनोकोबालामिनमधला सायनाइडचा अंश इतका अत्यल्प असतो, की नेहमीच्या मात्रेत त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. पेशीत शिरल्यावर दोन्ही प्रकारांना चिकटलेला गट आधी सुटतो आणि मग पेशी आपल्याला हवे ते रूप नव्याने घडवते. त्यामुळे 'मिथिल' घेतले तर ते तसेच्या तसे मेंदूत पोहोचते, ही समजूत चुकीची आहे. सायनोकोबालामिन अधिक टिकाऊ आहे आणि जुन्या चाचण्यांपैकी पुष्कळ त्यावरच झाल्या आहेत. भारतात मात्र मिथिलचेच राज्य आहे, आणि त्याचे श्रेय विक्रीकौशल्याला द्यावे असे मला वाटते.

मात्रेचा हिशोब मजेशीर आहे. जठरातून स्रवणाऱ्या अंतर्घटक नावाच्या प्रथिनाचे बोट धरून बी-१२ आतड्यात शोषले जाते, आणि ही वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमलाच भरून जाते. त्यापलीकडे जे पोटात जाते त्यातले साधारण एक टक्का आपोआप झिरपते. म्हणजे हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतून हाती लागते ते दहाच्या आसपास, पण तेवढेही रोजच्या गरजेच्या कित्येक पट आहे. म्हणूनच अंतर्घटक बनत नसलेल्या रुग्णांतही मोठ्या मात्रेची गोळी काम करते, आणि अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात गोळी व इंजेक्शन यांचा परिणाम सारखाच दिसला, जरी त्यातल्या चाचण्या थोड्या आणि लहान होत्या. जिभेखाली ठेवून गिळलेल्या गोळीपेक्षा अधिक काही पदरात पडते, असे दिसत नाही. तीव्र लक्षणे असतील, तोल जात असेल, तर मात्र डॉक्टर इंजेक्शनानेच सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे.

---

काजवा

यात एक भर घालतो. आपल्याकडे 'नसांची गोळी' म्हणून जे पाकीट मिळते ते पाठीमागे उलटून वाचावे. त्यात मिथिलकोबालामिनसोबत बऱ्याचदा बी-६, फॉलिक आम्ल, अल्फा लिपोइक आम्ल आणि कधी कधी प्रिगाबॅलिन असते. प्रिगाबॅलिन हे झोप आणणारे, चक्कर आणणारे आणि सवय लागू शकणारे औषध आहे. ते व्हिटॅमिन म्हणून कोणी घेऊ नये. बी-६ तर दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास स्वतःच पायांच्या नसा बिघडवते. निव्वळ बी-१२च्या अतिरेकाने विषबाधा होत नाही हे खरे, पण निव्वळ बी-१२ची गोळी मागितल्याशिवाय मिळत नाही.

---

घाटमाथा

काजवा, दुभत्या जनावराचा मुद्दा मला पटला. आमच्याकडे खरोखरच दोन म्हशी होत्या. उरलेले मतभेद राहू द्या. आता एक घरचाच प्रश्न विचारतो. माझी सून शाकाहारी असून तिला चौथा महिना चालू आहे. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या आहेत. त्यात बी-१२ येते का?

---

पाणवठा

घाटमाथा, त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते. ती गोळी आवश्यकच आहे, ती सुनबाईंनी अजिबात सोडू नये. पण फॉलिक आम्ल आणि बी-१२ यांचे नाते विचित्र आहे. एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमारास ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईला आल्या आणि कापडगिरणीतल्या गरोदर कामगार स्त्रियांच्या जीवघेण्या पंडुरोगाचा त्यांनी शोध घेतला. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या झाल्या; त्या अर्कातला घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. नंतरच्या काळात लक्षात आले, की बी-१२च्या अभावाने झालेला पंडुरोगही फॉलिक आम्लाने सुधारू शकतो, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. म्हणून शाकाहारी स्त्रीला एक मिळत असताना दुसऱ्याचीही चौकशी व्हायला हवी.

बाळाच्या दृष्टीने पाहिले तर हा विषय मोठ्यांच्या उदासीपेक्षाही महत्त्वाचा आहे. पुण्याजवळच्या गावांत १९९३पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात, गरोदरपणी बी-१२ फार कमी असलेल्या मातांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर एकाग्रता आणि अल्पकालीन स्मृतीच्या कसोट्यांत मागे पडलेली दिसली. त्याच संशोधकांच्या गटाने पुढे किशोरवयीन मुलींना रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिले. ज्यांना ते मिळाले त्यांना पुढे झालेल्या बाळांची आकलन आणि भाषा या अंगांतली प्रगती दोन वर्षांच्या सुमारास चांगली आढळली, मात्र तपासलेली मुले थोडी होती. याउलट, कमतरता असलेल्या आईच्या केवळ अंगावरच्या दुधावर वाढणारे बाळ सुस्त होते, शिकलेले हसणे आणि मान धरणे विसरते आणि त्याचे हात थरथरू लागतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांना हा आजार चांगला परिचित आहे.

चौथा महिना म्हणजे पुरेसा वेळ हाताशी आहे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना रक्तातले बी-१२ पाहायला सांगा, आणि बाळंतपणानंतर स्तनपान चालू असेतोवर पूरक गोळी किती घ्यायची, तेही त्याच भेटीत लिहून घ्या.